मासा तपासायला पुण्याला

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला धाकट्या भावाचा, सागरचा, फोन आला. "आक्का, ओढ्याला मासं वर आल्यात. पोरं पोती भरून न्यायला लागल्यात. तुझ्यासाठी किती ठेवू?"

माझं माहेर पन्हाळा तालुक्यात, कासारीच्या काठाला. घरामागचा ओढा उसाच्या दोन मळ्यांमधून जाऊन कासारीला मिळतो आणि कासारी पुढे प्रयाग चिखलीला पंचगंगेत जाते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे धरायला आमचं आख्खं गाव रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्यात उतरतं, त्यात नवल काही नाही. पण मे महिन्यात ओढा वाहतच नसतो. तीन-चार डोह तेवढे उरतात. त्यातले मासे आपण होऊन वर कशाला येतील?

"खेकडी बी मेल्यात काय रे?" मी विचारलं.

"मेल्यात की. उताणी पडल्यात काठाला."

"मग एक मासा शिजवू नकोस. मी आलो."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'आलो-गेलो'च म्हणतो. पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी त्यामुळे क्षणभर गोंधळलीच.)

खेकड्यांचं विचारायला कारण होतं. पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यातले बरेच मासे सांडपाण्यामुळे, पाण्यातला प्राणवायू संपून मरतात. असं झालं की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि सहसा मोठे आधी मरतात. कीटकनाशकाचं उलटं असतं. बारकी पिल्लं, झिंगे, खेकडे, पाण्यातले किडे आधी जातात, मासे वेडेवाकडे गरगरत पोहतात. खेकडा हा शेवटी किड्याचाच चुलतभाऊ, किड्यांसाठी केलेलं विष त्याला लागू पडणारच.

दहापर्यंत मी गावात पोचले. वरच्या डोहाजवळ करंजाच्या मुळात रिकामी बाटली सापडली: सायपरमेथ्रिन, २५ टक्के. भाजीवरच्या अळीला मारतात तेच. पाण्यात हे इतकं जहाल असतं की लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्ये मासा आटोपतो, कारण माशाच्या शरीराला ते लवकर मोडता येत नाही. आमचे आबा गेळफळं ठेचून डोहात टाकायचे, मासे गुंगायचे, हाताने उचलायचे. तेही विषच होतं, त्याचं कौतुक नको. पण गेळ्याची फळं गोळा करून ठेचायला चार माणसं आणि अर्धा दिवस लागायचा. बाटलीचं झाकण उघडायला एक पोरगं पुरतं.

विष घालून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, कलम ५. मी सागरला ते सांगितलं. तो म्हणाला, "कलम सांगणार कुणाला? पोरं आपल्याच भावकीतली हायत." विषय तिथे संपला.

घरात दोन किलो चिलापी येऊन पडलीच होती. आईचं म्हणणं, औषधानं मेला म्हणून काय झालं, चांगला चार पाण्यांनी धुवायचा. उसाला औषध मारतोच की, म्हणून ऊस खायचं सोडलंय का? या युक्तिवादाला उत्तर देणं वाटतं तेवढं सोपं नाही. आपण विषाला 'औषध' म्हणतो तिथेच निम्मा वाद हरलेला असतो. पण सागरची बायको, प्राजक्ता, पाच महिन्यांची गरोदर होती आणि ती पदराआडून माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून 'खाऊ नको' नको होतं. ते तर ती स्वतःही म्हणू शकली असती. तिला सासूपुढे ठेवायला कागद हवा होता.

मी ज्युनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. कागद आणते म्हणाले. तेव्हा मला वाटलं होतं, फार तर आठवड्याचं काम.

आधी सरकारी वाट बघितली. अन्नसुरक्षा कायद्यात, २००६ च्या, कलम ४० आहे: साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो, अहवाल चौदा दिवसांत. मला भारी आनंद झाला. पुढची ओळ वाचली: खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हा माल तपासायला देणार आहे. पोतं खांद्यावर घेऊन पळणाऱ्या चुलतभावाला ही सूचना लेखी द्यायची की तोंडी?

कोल्हापुरात माती, पाणी, गूळ तपासून देणारे पुष्कळ आहेत. मी तिघांना फोन केले. पाण्याचा सामू, क्षार, बीओडी सगळं करतो म्हणाले, माशातलं कीटकनाशक नाही. त्याला लागणारी यंत्रं कोटींच्या घरातली. शेवटी पुण्यातली एक खासगी, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा मिळाली.

"मॅट्रिक्स काय आहे?"

"मासा."

"एक्स्पोर्टचा सीफूड का?"

"नाही हो. ओढ्यातला."

थोडा वेळ शांतता. मग तिने विचारलं, "कोणता भाग तपासायचा?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. ती म्हणाली, तुम्ही खाता तो. मी मनात यादी करायला लागले. आमच्याकडे माशाचं काय टाकतात? खवले, पित्त, आतडी. डोक्याचं कालवण होतं. गाभोळी तर भांडून खातात. कातडीसकट तळतात. आणि रस्सा केला की माशाची चरबी वर येऊन कटात मिसळते, आणि कट कुणाच्या वाटीत जास्त गेला यावरून आमच्या घरात अजून रुसवे होतात.

हे सगळं तिच्या दृष्टीने कामाचं निघालं. जुनी, क्लोरिनची कीटकनाशकं चरबीत विरघळतात आणि तिथेच बसून राहतात. कुशीच्या मांसात त्यांचा मागमूस नसला तरी पोटाच्या चरबीत, यकृतात, गाभोळीत ती सापडू शकतात. नुसतं निवडक मांस पाठवलं तर अहवाल स्वच्छ येईल, आणि घरी गाभोळी खाणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. मासा भाजला तर चरबी निथळून जाते आणि तिच्याबरोबर थोडं विषही. कालवणात ती जात नाही, आपण ती भाकरीने पुसून घेतो.

मग मी नमुना वाढवला. ओढ्यातली चिलापी होतीच. सागर दर रविवारी नदीत गळ टाकतो. बंधाऱ्याचे बरगे जूनमध्ये काढतात, तोवर वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं असतं आणि त्यात मोठे मासे असतात. त्याला म्हटलं, एक जाणता कटला आण, जितकं वय जास्त तितकी साठवण जास्त. पुढच्या रविवारी त्याने साडेतीन किलोचा आणला, पोटात गाभोळी धरलेला. म्हणजे तीन नमुने झाले: चिलापी, कटल्याचं मांस, आणि कटल्याची गाभोळी पोटाच्या चरबीसकट. प्रत्येकी साडेपाच हजार, वर अठरा टक्के जीएसटी. एकूण १९,४७०. नवरा आकडा ऐकून एवढंच म्हणाला, "सोन्याचा कटला."

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याआधी विचारली हे बरं झालं. त्यांच्या यादीत शेकडो कीटकनाशकं होती, पण ग्लायफोसेट नव्हतं. बांधावरचं तण जाळायला आमच्याकडे सर्रास मारतात तेच ते. पॅराक्वॅट हे दुसरं तणनाशकही नाही. ही पाण्यात इतकी विरघळतात की बाकीच्यांबरोबर एकाच पद्धतीत पकडली जात नाहीत, त्यांची चाचणी वेगळी, पैसे वेगळे. अहवालावर 'आढळले नाही' असं छापून येतं तेव्हा ते फक्त यादीतल्या नावांबद्दल असतं. ग्लायफोसेट माशात फारसं साठत नाही, म्हणून मी ते सोडलं. पण यादी वाचल्यावाचून पैसे भरणारे कितीतरी असतील.

मासा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, बाहेरून पिशवी, वर चिठ्ठी, दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये दगड केला. साधा बर्फ वितळून पाणी होतं आणि नमुना भिजतो, म्हणून लसीच्या डब्यात असतात तसले आईसपॅक औषधाच्या दुकानातून मागून आणले. थर्माकोलचं खोकं चिकटपट्टीने सील केलं आणि पहाटेची एसटी धरली. पार्सलने पाठवता आलं असतं, पण खोकं कुठे उन्हात पडलं तर सगळंच वाया.

कंडक्टरने विचारलं, "खोक्यात काय हाय, मॅडम?"

"मासा."

"कोल्हापूरचा मासा पुण्याला?"

"तपासायला नेतोय."

"आजारी हाय व्हय?"

पुढच्या सीटवरचे दोघं साताऱ्यापर्यंत हसत होते.

प्रयोगशाळेत पहिलं काम त्यांनी केलं ते खोकं उघडून आतलं तापमान मोजून वहीत लिहिण्याचं. मी रसायनशास्त्राची आहे म्हटल्यावर तिथल्या विश्लेषक बाईंनी काचेपलीकडून थोडं दाखवलं. मासा गोठलेलाच भरडतात, म्हणजे उष्णतेने काही उडून जात नाही. त्यातला दहा ग्रॅम लगदा नळीत घेऊन त्यात अॅसिटोनायट्राइल नावाचं द्रावक आणि मीठ-मॅग्नेशियम सल्फेट घालून हलवतात, गरगर फिरवतात. पाणी आणि मिठाचा थर खाली, कीटकनाशकं वरच्या द्रवात. मग एका पावडरीने त्यातली चरबी ओढून घ्यायची आणि उरलेला द्रव यंत्राला पाजायचा. ही पद्धत २००३ साली आली, तिचं नाव लिहितात भलतंच लांबलचक, म्हणतात 'कॅचर्स'. गाभोळीचा डबा बघून बाईंनी कपाळाला हात लावला. "इतकी चरबी! आमच्या कॉलमची वाट लागते यानं."

त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. त्या दिवसांत मी ओढ्याचं सांगायला एका सरकारी कार्यालयात जाऊन आले. पाणी त्यांच्या खात्याकडे नव्हतं, मासा त्यांच्याकडे होता, बाटली तिसऱ्याच खात्याकडे होती. अर्ज ठेवून आले.

अहवाल ई-मेलने आला. तीन नमुन्यांची कितीतरी पानं आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत तीच तीन अक्षरं, बीएलक्यू. म्हणजे यंत्र खात्रीने मोजू शकतं त्या पातळीच्या खाली. ती पातळी किलोला ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा मी वर्गात असा सांगते: उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले पाच ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे करा, साधारण शंभर टन ऊस. त्यात कुठेतरी एक ग्रॅम.

बीएलक्यू नसलेल्या ओळी तीनच होत्या.

चिलापीत सायपरमेथ्रिन, ०.०४२. ते अपेक्षितच होतं. शेजारच्या मर्यादेच्या रकान्यात ०.०१ लिहिलेलं. ज्या औषधाची त्या पदार्थासाठी मर्यादा ठरवलेली नाही तिथे आपल्याकडे हाच आकडा धरतात. म्हणजे चिलापी चौपट नापास.

मी कागद आईपुढे नाचवणार होते, पण सवयीने आधी गणित केलं आणि पंचाईत झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी सायपरमेथ्रिनचं रोज आयुष्यभर चालेल असं प्रमाण माणसाच्या वजनाच्या किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमपर्यंत धरलं आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला १.२ मिलिग्रॅम. तेवढं पोटात जायला ही चिलापी रोज अठ्ठावीस किलो खावी लागेल. मासा विषाने मेला होता, तरी त्याच्यात विष फार नव्हतं. साठायला वेळच मिळाला नव्हता, त्याआधीच तो मेला. आता हे आईला सांगायचं की नाही? सांगितलं. तिने विजयाने भाकरी उलटली. मी तिला म्हटलं, हे या बाटलीचं झालं. पोरांनी उद्या दुसरी बाटली ओतली तर तिचं गणित कोण करणार? यावर ती गप्प बसली, पण पटलं म्हणून नव्हे.

कटल्याचं मांस पूर्ण स्वच्छ निघालं.

गाभोळीत दोन ओळी. क्लोरपायरिफॉस ०.०१२. हुमणीला, वाळवीला उसात आळवणी घालतात ते, पहिल्या वळवाबरोबर ओढ्यातून नदीत आलं असेल. गर्भातल्या मुलाच्या मेंदूवरच्या परिणामांची शंका हे एक मोठं कारण धरून युरोपने २०२० मध्ये ते बंद केलं. आणि दुसरी ओळ: पी-पी-डीडीई, ०.०३१.

मी ती ओळ परत वाचली. डीडीई म्हणजे मोडून उरलेलं डीडीटी.

डीडीटी मी गेली वीस वर्षं शिकवते. हॅलोजनांच्या धड्यात येतं. फळ्यावर दोन षट्कोन, दोन्हीला एकेक क्लोरिन, मध्ये तीन क्लोरिनवाला कार्बन. पॉल म्युलर, १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण ओळखला, १९४८ चं वैद्यकाचं नोबेल. भारतात शेतीसाठी १९८९ पासून बंद. पुढचा धडा. मुलं ते इतिहासाच्या सनावळीसारखं पाठ करतात आणि मीही तसंच सांगत आले. आणि ते आमच्या कटल्याच्या गाभोळीत बसलं होतं. तो कटला असेल तीन-चार वर्षांचा, मीच तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी बीएस्सी झाले.

विश्लेषक बाईंना फोन केला. त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. नदीच्या गाळात असतं, म्हणाल्या, जमिनीत त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच दोन ते पंधरा वर्षं लागतात. गाळातून किड्यात, किड्यातून माशात, दर पायरीला वाढत जातं. कायद्याने माशाला मर्यादा किती? २०११ च्या नियमावलीत किलोला सात मिलिग्रॅम. आमची गाभोळी तिच्या सव्वादोनशेव्या हिश्शाच्याही आत. उत्तम गुणांनी पास.

तरी नापास चिलापीपेक्षा हा पास झालेला मासाच माझ्या डोक्यातून जाईना. सायपरमेथ्रिन माणसाच्या शरीरातून चार-आठ दिवसांत निघून जातं. डीडीई वर्षानुवर्षं चरबीत राहतं, आणि बाईच्या शरीरातून त्याला बाहेर पडायची मोठी वाट एकच, अंगावरचं दूध. प्राजक्ताला मी हे शब्दशः सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की अंगावर पाजणं थांबवायचं कारण यात कुठेही नाही, ते भीतीपोटी सुद्धा करू नकोस. फक्त बाळ होऊन अंगावरचं सुटेपर्यंत गाभोळी आणि पोटाची चरबी नको, मासा बारका, आणि रश्श्यापेक्षा भाजून. ती म्हणाली, "गाभोळी सासूबाई देतात कुठे मला!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी परत गावी गेले. आईला डीडीटी म्हणताच आठवलं. ती लहान असताना हिवतापाची माणसं पंप घेऊन यायची. धान्य, भांडी, देव सगळं अंगणात काढायचं, ते आतून भिंती पांढऱ्या करून जायचे आणि दारावर तारीख लिहायचे. राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रम १९५३ चा, म्हणजे आईचं गणित जुळतं. "आणि तुझ्या आबानी तर कायम आणून ठेवलेली," ती म्हणाली. "ढेकणांची पावडर. गोठ्याच्या माळ्यावर बघ, डबा असंल अजून."

सागर शिडी लावून चढला. डबा होता. गंजलेला, चिठ्ठीवरचं निम्मं पुसलेलं, पण 'डी.डी.टी. १० टक्के' एवढं वाचता येत होतं. हलवला तर आत अर्धाअधिक माल होता. त्याच माळ्यावर पेंडीची पोती आणि बियाण्याचा हरभरा.

आता हा टाकायचा कुठे? ओढ्यात नाही, उकिरड्यावर नाही, जाळायचा तर मुळीच नाही. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात विचारलं तर दुकानदार हसला, म्हणाला, नवीन माल परत घेत नाही आम्ही, हा तर माझ्या जन्माआधीचा. धोकादायक कचरा घेणारे कारखान्यांकडून टनावारी घेतात, एका डब्यासाठी गाडी कोण पाठवणार? शेवटी रंगाची रिकामी बादली आणली, घट्ट झाकणाची. मी हातमोजे घातले, तोंडाला ओढणी बांधली. सागरने डबा तीन पिशव्यांमध्ये बांधला. प्राजक्ताला लांब उभं केलं होतं, तिने तिथूनच मार्करने चिठ्ठी लिहून दिली.

आई उंबऱ्यात बसून हा सगळा थाट बघत होती. "एवढं भ्यायला काय झालं गं तुला?" ती म्हणाली. "तिसरीत असताना उवा झालत्या तुला. हीच पावडर चोळून रात्रभर फडकं बांधून ठेवलंतं मी तुझ्या डोक्याला. सकाळी सगळ्या मेलेल्या."

मी बादलीचं झाकण दाबून बसवलं.